व्हॅनकाकांची उशी : भगंदराच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचा माझा अनुभव

मी शाळेची व्हॅन चालवतो. धायरीतून निघायचं, वडगाव, हिंगणे करत राजाराम पूल ओलांडायचा आणि कर्वेनगरात पोरं सोडायची. सकाळी सव्वासहाला सीटवर बसतो तो दुपारी दीडपर्यंत अधूनमधूनच उतरतो. धंदाच बसण्याचा. आणि रोग झाला तो नेमका बसायच्या जागी.

ऑपरेशन गेल्या दिवाळीत झालं. लिहायला आठ महिने घेतले, कारण जागा खरोखर बरी होते का ते बघायचं होतं. आणि लाजही होती, खोटं कशाला बोलू. मी स्वतः अभिप्राय शोधत होतो तेव्हा दोनच तऱ्हेचे सापडले. एक, 'खूप छान, स्टाफ प्रेमळ'. दुसरा, 'पैसे गेले, जाऊ नका'. नक्की काय केलं, किती दिवस ओलं राहिलं, कामावर कधी गेलात, हे कुणी लिहीत नाही. म्हणून हे लांबण लावतोय.

हॉस्पिटल कर्वे रस्त्यापासून आत एका गल्लीत आहे, वीसेक खाटांचं. नाव लिहिणार नाही. ऑपरेशनबद्दल मी चांगलं बोलणार आहे आणि बिलाच्या खिडकीबद्दल वाईट, आणि दोन्ही एकाच इमारतीत आहेत.

सुरुवात मागच्या पावसाळ्यात झाली. डाव्या बाजूला सुपारीएवढं गळू आलं. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी खडकवासल्याहून येताना एका खड्ड्यात व्हॅन आदळली आणि ते फुटलं. फुटल्याबरोबर जो आराम वाटला तो काय सांगू. घरी येऊन झोपलो, मनात म्हटलं सुटलो. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, जागा वाळली. तीन आठवड्यांनी तिथेच पुन्हा फुगलं, पुन्हा फुटलं. मग हे चक्रच सुरू झालं. मधल्या काळात दुखायचं नाही, नुसतं ओलं राहायचं. मला वाटायचं घाम आहे. घामाला वास येतो, पण असा नाही.

पुढे माझं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी समजावलं ते असं. गुदमार्गाच्या आत कडेकडेने बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबते, पू होतो आणि तो पू बाहेर पडायला वाट काढत कातडीपर्यंत येतो. गळू फुटलं की पू जातो, वाट मात्र राहते. आतून घाण शिरत राहते म्हणून ती बुजत नाही. या वाटेलाच भगंदर म्हणायचं. गोळ्यांनी तात्पुरता पू आटतो, वाट आपोआप भरून येत नाही. मोठ्या माणसात तर नाहीच. हे चार महिने आधी कुणी सांगितलं असतं तर माझे चौदा हजार वाचले असते.

ते चौदा हजार कुठे गेले तेही सांगतो. रिक्षांच्या पाठीवर पाटी असते ना, 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विना चिरफाड, तीस मिनिटांत घरी', तसल्याच एका ठिकाणी गेलो. तपासणाऱ्या गृहस्थांनी बोटसुद्धा न घालता 'मूळव्याध आहे' म्हणून सांगितलं. चार इंजेक्शनं, एक मलम, एक चूर्ण. चूर्णाने पोट साफ झालं, एवढं खरं. मूळव्याध, फिशर आणि भगंदर ही तीन वेगळी दुखणी आहेत हे त्या पाटीवर शेजारी शेजारी लिहिलंय, आत बसलेल्याला ते माहीत असेल असं मात्र नाही. मूळव्याधीत रक्त पडतं किंवा कोंब येतो, फिशरमध्ये चीर पडते आणि शौचाला काचा गेल्यासारखं होतं, भगंदरात पू येत राहतो. मी पू म्हणत होतो आणि तो माणूस मान डोलावून मूळव्याध लिहीत होता.

मग एका पालकांनी, तेही डॉक्टर आहेत, या हॉस्पिटलचं नाव दिलं. गेलो तर बोर्डवर बाईंचं नाव. पार्किंगमधूनच परत फिरलो. घरी सांगितलं गर्दी होती. हिने दोन मिनिटांत खरं काढून घेतलं आणि म्हणाली, "अहो, पूर्वाच्या जन्माच्या वेळेला ससूनला तीन पुरुष डॉक्टर होते. मी गेले का परत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो.

आता मॅडमबद्दल. पन्नाशीच्या, बोलणं थोडकं. तपासणी दोन मिनिटांची, कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. सोबत नर्स होती, पडदा होता, आधी प्रत्येक गोष्ट सांगून मग केली. लाज वाटते म्हणून जे लोक घरात बसलेत त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय: गळू फुटताना जेवढं दुखलं त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकंही दुखलं नाही.

तपासून झाल्यावर त्यांनी कागदावर एक गोल काढला, घड्याळासारखा. माणूस उताणा, पाय वर, अशी कल्पना करायची. बारा वाजता पुढची बाजू, सहा वाजता पाठीचा कणा. "तुमचं बाहेरचं तोंड पाच वाजता आहे. मागच्या बाजूचं तोंड असलं की आतली वाट बहुतेक वळण घेऊन सहा वाजता उघडते. पुढच्या बाजूचं असतं तर सरळ गेली असती." हा अंदाज गुडसॉल नावाच्या इंग्रज सर्जनचा, शंभराहून जास्त वर्षं जुना. "पण अंदाजावर मी चाकू चालवत नाही. एमआरआय करून या."

एमआरआयचे साडेसात हजार. फिस्टुलासाठीचा, म्हणजे भगंदराचा, वेगळा एमआरआय असतो, पोटाचा साधा नाही, हे चिठ्ठीवर नीट लिहून घ्या. मशीनमध्ये अर्धा तास हलायचं नाही. बाहेर एक आजोबा आपली कवळी डबीत घालून बसले होते, त्यांना वाटत होतं कवळी मशीन ओढून घेईल. माझ्या रिपोर्टमध्ये जे आलं ते मॅडमनी मराठीत सांगितलं: "सदाशिव पेठेतला बोळ समजा. बाहेरच्या तोंडापासून निघतो, बाहेरच्या स्नायूला भेदून आत जातो, सहा वाजता उघडतो. मध्ये डावीकडे एक आंधळा बोळ फुटलाय, दीड सेंटिमीटरचा. तिथे पू साठतो, म्हणून तुम्हाला परत परत फुगतं." तो आंधळा बोळ बोटाने किंवा सळईने कळला नसता. माझं मत विचाराल तर या सगळ्या व्यवहारात सर्वांत चोख वसूल झालेला पैसा हा एमआरआयचा. जो कुणी एमआरआय न बघता, वाट कुठून जाते न सांगता लेझरचा भाव सांगतो, त्याच्याकडून उठून या.

आता मुख्य गोष्ट, स्नायूची. शौच धरून ठेवायला आपल्याला दोन वळ्या असतात. आतली आपल्या ताब्यात नसते, ती झोपेतही काम करते. बाहेरची आपल्या ताब्यात. मी मनात लगेच हँडब्रेक आणि फूटब्रेक असं केलं, मॅडमना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या चालेल. भगंदराची जुनी आणि अजूनही सर्वांत खात्रीची शस्त्रक्रिया म्हणजे वाट पूर्ण चिरून उघडी करायची, खालून भरून येऊ द्यायची. वाट वरवरची असेल तर तेच उत्तम, शंभरातले नव्वदहून अधिक बरे होतात. पण वाट स्नायूतून जात असेल तर चिरताना स्नायू कापला जातो. थोडा कापला तर चालतं, जास्त कापला तर वारा सुटणं ताब्यात राहत नाही, पुढे पातळ शौचही. मी डोळ्यांसमोर व्हॅन आणली. मागे बारा पोरं. तेवढ्यात निर्णय झाला.

"मग लेझर करा," मी म्हटलं. रिक्षामागे तेच लिहिलेलं असतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. स्नायू वाचवणाऱ्या पद्धती चार-पाच आहेत म्हणाल्या. लेझरमध्ये बारीक तार वाटेत घालतात, तिच्या टोकातून चहूबाजूंनी किरण निघतो, तार मागे ओढत वाट आतून शेकून मिटवतात. सरळ, एकच नळी असेल तर छान. लिफ्ट नावाची पद्धत थायलंडमधली, २००७ ची. दोन वळ्यांच्या मधून शिरायचं आणि वाट तिथे बांधून तोडायची. आणि दुर्बिणीची पद्धत, ती इटलीतल्या पिअरकार्लो मैनेरो या सर्जनची, २००६ च्या सुमारास सुरू झालेली. वाटेतच दुर्बीण घालायची, आतून बघत बघत साफ करायची आणि जाळायची, मग आतलं तोंड टाके घालून बंद करायचं. "तुमच्याकडे फाटा आहे. लेझरची तार आंधळी असते, तिला फाटा दिसत नाही. दुर्बिणीला दिसतो."

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हा अभिप्राय लिहितोय. मी विचारलं, शंभर टक्के बरा होईन ना? म्हणाल्या, "नाही. स्नायू न कापता केलेल्या सगळ्याच पद्धतींत शंभरातले साठ-सत्तर एका फेरीत बरे होतात. बाकीच्यांना पुन्हा काहीतरी करावं लागतं. पण पुन्हा करायला तुमचा स्नायू शाबूत असतो. तुम्ही पैसे त्याचे देताय." पाटीवाल्यांनी शंभर टक्के सांगितलं होतं, यांनी सत्तर सांगितलं. मी व्यवहारातला माणूस आहे. जो मेकॅनिक 'गॅस्केट बदलतो, पण हेड वाकलं असेल तर परत यावं लागेल' म्हणतो, त्याच्याकडेच मी गाडी टाकतो.

क्षारसूत्राचंही विचारून घेतलं, कारण सासऱ्यांनी सासवडला तेच करून घेतलं होतं, तीस वर्षांपूर्वी. धाग्याला निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थरावर थर चढवतात, एकवीस थर, आणि तो धागा वाटेत ओवून दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत आणि भरत येतो. मामांना अकरा आठवडे लागले आणि पुन्हा कधी काही झालं नाही. फोनवर म्हणाले, "सुश्रुताने याला आठ महारोगांत घातलंय. तुमचं ते चित्र पाठवा." एमआरआयचा फोटो पाठवला. त्यांनी उत्तर दिलं, "उष्ट्रग्रीव." म्हणजे उंटाच्या मानेसारखं. चित्राचं वळण खरंच तसं दिसत होतं. मॅडमनी क्षारसूत्राला नावं ठेवली नाहीत, उलट चांगलं आहे म्हणाल्या, "पण दर आठवड्याला धागा बदलून त्याच दिवशी व्हॅन चालवाल का?" रास्ता पेठेत ताराचंद आयुर्वेदिक रुग्णालयात जा असं मला तीन जणांनी सांगितलं होतं, आणि धंदा बसण्याचा नसता तर गेलोही असतो.

ऑपरेशन लगेच झालं नाही. रक्ततपासणीत उपाशीपोटी साखर १८६ निघाली. मला मधुमेह आहे हे मला भगंदरामुळे कळलं. मॅडमनी सरळ तारीख रद्द केली, फिजिशियनकडे पाठवलं, साखर ताब्यात येईपर्यंत हात लावणार नाही म्हणाल्या. पाच आठवडे गेले. त्या वेळी चिडलो होतो. पण दिवाळीची सुट्टी आयती मिळाली, व्हॅन बंद, पालकांना काही सांगायला नको.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी सातला दाखल. रात्री दहानंतर पोटात काही नाही, पहाटे एनिमा. कण्यात सुई दिली, ती मुंगी चावल्यासारखी, मग दोन्ही पाय दुसऱ्याचे झाले. भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हटलं, पडदा दिसेल का? त्यांनी मॉनिटर थोडा वळवला. दुर्बीण पेन्सिलपेक्षाही बारीक, तिच्यातूनच पाणी सोडत जातात म्हणजे वाट फुगून उघडी राहते. पडद्यावर गुलाबी बोगदा, त्यात पांढरे पांढरे धागे लोंबतायत, पाण्यात हलतायत. घाण वाटायला हवी होती, पण मला सिंहगडाच्या टाक्यात वाकून बघितल्यासारखं वाटलं. एका ठिकाणी डावीकडे काळं भोक आलं. मॅडम म्हणाल्या, "हा तुमचा आंधळा बोळ." मग ऑपरेशन थिएटरमधले दिवे मंद करायला सांगितले. दुर्बिणीचा उजेड आतून कुठे दिसतो त्यावरून आतलं तोंड नक्की करतात. सहा वाजता. गुडसॉल बरोबर निघाला. पुढचं मी बघितलं नाही. जाळल्याचा वास यायला लागल्यावर मान वळवली.

पन्नास मिनिटं लागली. बाहेरचं तोंड मुद्दाम उघडं ठेवलं, वाटाण्याएवढं, म्हणजे आतलं पाणी बाहेर येत राहील. काढलेला तुकडा तपासायला पाठवला, टीबी नाही ना ते बघायला. आपल्याकडे भगंदराच्या मुळाशी टीबी निघू शकतो. तसं असेल तर वाट कितीही साफ करा, टीबीच्या गोळ्यांशिवाय ती मिटत नाही. माझा रिपोर्ट आठ दिवसांनी साफ आला. तुमच्या डॉक्टरांनी तुकडा पाठवला का, हे विचारा. आतड्याच्या क्रोन्ससारख्या दुखण्यातही भगंदर होतं, त्याचेही प्रश्न मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारून घेतले होते, वजन घटलं का, जुलाब होतात का.

रात्रीचं एक कुणी आधी सांगत नाही. कण्यातल्या भुलीनंतर कधीकधी लघवी होत नाही. पोट तट्ट फुगलं, उभा राहिलो, आडवा झालो, काही नाही. सिस्टरांनी पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि बाथरूममधला नळ बारीक सोडून दार लोटून घेतलं. "काका, घाई नाही. नऊपर्यंत झाली तर ठीक, नाहीतर नळी घालते." नळी हा शब्द ऐकल्यावर पावणेनऊला झाली. या सिस्टर मूळच्या बीडच्या होत्या. त्या रात्री मला तीनदा बघून गेल्या, आणि प्रत्येक वेळी दार वाजवून आत आल्या.

आता खिडकी. सकाळी दहाला डिस्चार्ज म्हणाले. सही झाली, कपडे घातले, हिने पिशव्या भरल्या. मग सुरू झालं. विमा कंपनीकडून मंजुरी यायची आहे. बारा वाजले. फाइल पाठवली आहे. दोन वाजले. एक कागद राहिला होता, आता पाठवला. ज्या माणसाला बसता येत नाही त्याला खिडकीसमोर लोखंडी बाकावर बसवून ठेवायचं, याला काय म्हणायचं? मी उभा होतो. पाच वाजायला वीस मिनिटं कमी असताना सुटलो. बिल एक लाख चार हजार, कंपनीने एकोणनव्वद हजार तीनशे दिले, माझे चौदा हजार सातशे. त्यातले बरेचसे हातमोजे, चादरी, सुया अशा 'कन्झ्युमेबल्स'चे, जे पॉलिसीत बसत नाहीत. हे आदल्या दिवशी एका कागदावर लिहून देता आलं असतं. विचारलं तर खिडकीतला मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "सगळ्यांना असंच असतं."

विम्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. मूळव्याध, फिशर, भगंदर यांना बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं थांबावं लागतं. माझी तिसऱ्या वर्षात होती म्हणून वाचलो. दुसरी, दाखल होण्याआधीच्या तपासण्यांचे पैसे माझ्या पॉलिसीत तीस दिवसांपर्यंतचेच मिळतात. साखरेमुळे ऑपरेशन पुढे गेलं आणि एमआरआय अडतीस दिवसांपूर्वीचा ठरला. साडेसात हजार बुडाले. दोष कुणाचाच नाही, तरी अजून खटकतं.

घरी आल्यावर वसुबारस. बोहरी आळीतून हिने आधीच टब आणून ठेवला होता, निळा, घमेल्यापेक्षा खोल. दिवसातून तीनदा कोमट पाण्यात दहा मिनिटं बसायचं, शौचानंतर तर हमखास. तीन दिवसांनी नरकचतुर्दशी. पहाटे पाचला सगळ्या सोसायटीत फटाके वाजतायत, हिने डोक्याला तेल लावलं, उटणं दिलं, आणि मी माझं अभ्यंगस्नान त्या निळ्या टबात बसून केलं. पूर्वा दाराबाहेरून ओरडली, "बाबा, कारीट फोडायचंय, बाहेर या." फोडलं, उभ्यानेच. फराळात मला चकली, शेव, तिखट चिवडा बंद, साखरेमुळे लाडू-करंज्याही बंद. उरलं काय, तर इसबगोल.

पहिल्या शौचाची जी भीती होती ती फुकट गेली. जळजळलं, एवढंच. औषधाने मऊ होत होतं. दुखणं चौथ्या दिवसानंतर गोळीशिवाय सोसेल इतपत आलं. जाहिरातीत म्हणतात 'दुसऱ्या दिवशी कामावर', ते खुर्चीत बसून पाटीचा मजकूर लिहिणाऱ्याला जमत असेल. मी बाराव्या दिवशी स्टिअरिंगवर बसलो आणि तेही एका फेरीपुरता.

त्रास दुखण्याचा नाही, ओलाव्याचा. आधी पिवळसर-लाल, मग नुसतं पाणी, पाच-सहा आठवडे. मॅडमनी सरळ सांगितलं, सॅनिटरी पॅड वापरा, कापसाचे बोळे नको, धागे चिकटतात. मेडिकलमध्ये मी पॅड मागितले तर त्या पोराने ते वर्तमानपत्रात गुंडाळले, मग काळ्या पिशवीत घातले आणि पिशवी काउंटरखालून दिली. मी म्हटलं, अरे माझ्यासाठीच आहेत. त्याने आणखी एक पिशवी चढवली.

आणि उशी. मला बाजारातली मधे भोक असलेली गोल उशी घ्यायची होती, मॅडम नको म्हणाल्या. भोकामुळे मधली जागा खाली लोंबते आणि ताण येतो, साधी मऊ, सपाट घ्या. हिने जुन्या नऊवारीची घडी घालून, आत फोम घालून शिवून दिली, जांभळी, हिरव्या काठाची. पहिल्याच दिवशी दुसरीतल्या आर्याने विचारलं, "काका, तुम्ही साडीवर का बसता?" मी म्हटलं सीट खराब झालीय. चौथीतला एक जण म्हणाला, "काकांना मूळव्याध आहे, माझ्या आजोबांकडे पण अशी आहे." सगळी व्हॅन हसली. दुरुस्त करायचा मोह झाला, की बाबा मूळव्याध नाही. पण गप्प बसलो.

सातव्या आठवड्यात तोंड मिटलं. पेढे आणले. नवव्या आठवड्यात एका सकाळी पुन्हा ओलं लागलं आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं. साठ-सत्तरातला मी नाही, उरलेल्यातला आहे, असं धरूनच हॉस्पिटलला गेलो. मॅडमनी बघितलं, तिथेच बधिर करून वरची पातळ कातडी उघडली, आतलं साफ केलं. वरची कातडी आधी मिटली होती आणि खालची जागा भरायची राहिली होती. वाट परत आलेली नाही, म्हणाल्या. पाचशे रुपये तपासणीचे घेतले, साफ करण्याचे नाही. तेराव्या आठवड्यात पुन्हा मिटलं. तेव्हापासून कोरडं आहे. ताबा आधी होता तसाच, हे मुद्दाम सांगतो, कारण हे विचारायला सगळे लाजतात.

लोक विचारतात, दुर्बिणीचं का लेझरचं. माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा बोळ कसा आहे त्यावर आहे. वाट वरवरची असेल तर साधं चिरूनच स्वस्तात आणि पक्कं होईल, त्यासाठी लाखभर घालवू नका. मला फाटा होता, स्नायू मध्ये होता, धंदा बसण्याचा होता, म्हणून मला हे पटलं. आणि हॉस्पिटलवाल्यांनी टॉयलेटमध्ये जेट बसवावा. याच दुखण्याचे पेशंट घेता आणि भिंतीवर नुसता मग टांगता, हे बरं नव्हे.

आता पुन्हा पावसाळा, शाळा सुरू झाल्यात, हिंगण्याला तेच खड्डे. मागच्या आठवड्यात स्टँडवरचा एक रिक्षावाला माझ्या खिडकीशी आला, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "काका, तुमचं ते... कुठं केलं?" त्याच्या रिक्षाच्या पाठीवर तीच तीस मिनिटांची पाटी. महिन्याला त्याचे पैसे मिळतात म्हणाला. शुक्रवारी दुपारच्या फेरीनंतर त्याला मीच व्हॅनमधून घेऊन गेलो. तो मागच्या सीटवर एका कुल्ल्यावर तिरका बसला होता. मी उशी काढून त्याच्याकडे सरकवली.

परत मागितलेली नाही. आर्या रोज विचारते, काकांची साडी कुठे गेली.